जहाजावर जायचं, तर नेसायचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या परिचयातल्या शहाद्याच्या एका काकूंनी मागे मला एक प्रश्न विचारला. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं आणि सुनेनं त्यांना मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली होती. तिकिटांबरोबर सूचनांचा कागद आला आणि त्यात 'ड्रेस कोड' असा एक परिच्छेद निघाला. काकू म्हणाल्या, "भाऊ, जायचं तर खरं, पण तिथं नेसायचं काय? आणि काट्या-चमच्यानं जमलं नाही तर?" काकांचं म्हणणं त्याहून सोपं होतं, "तिकिटाचे पैसे परत मिळतात का ते बघा."

प्रश्न कपड्यांचा दिसतो, पण त्याच्या मागे भीती वेगळीच असते. चारचौघांत आपलं हसं होईल ही ती भीती. तिच्यापायी कितीतरी माणसं पैसे भरूनही सहलीचा आनंद घेत नाहीत. म्हणून जहाजावरचे हे रिवाज आले कुठून, त्यांतले आज उरले किती आणि पाळायलाच हवेत असे कोणते, हे आज पाहू.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. बोट म्हटली की अक्कलकुवा-धडगावकडच्या नर्मदाकाठच्या पाड्यांची आठवण होते. तिथं बोट ही चैन नाही, बाजाराला आणि दवाखान्याला जायची वाट आहे. तरीही समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. प्रकाशाजवळून वाहणारी तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता नंदुरबारवरूनच जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि याच रस्त्यानं बुऱ्हाणपूरला व पुढे अजमेरला जहांगीर बादशहाच्या भेटीला गेला. आपल्याकडच्या उन्हातही त्यानं आपला इंग्रजी पोशाख सोडला नाही. परक्या दरबारात आपल्याच कपड्यांत उभं राहायचं, असा त्याचा बाणा होता. त्याला कुणी हसलं नाही. मग आपणच आपल्या कपड्यांना का लाजावं?

पण लाज वाटते हे खरं, आणि ती भल्याभल्यांना वाटली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून विलायतेला निघाला. त्याला बोट लागली नाही, पण जेवणाच्या टेबलाची धास्ती वाटली. काटे-सुऱ्या वापरता येत नव्हत्या आणि कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचा धीर होत नव्हता. तेव्हा हा मुलगा टेबलावर गेलाच नाही. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं यांवर मुख्यतः त्यानं खोलीतच दिवस काढले. कपड्यांचीही तीच गत. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबर संपत आलेला, विलायतेत थंडी पडू लागलेली. किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच! सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात गेलेल्या, त्यात दुसरा दिवस रविवार, म्हणून कपडे बदलायचीही सोय नाही. ही सगळी फजिती गांधीजींनी पुढे 'सत्याचे प्रयोग'मध्ये स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्या काळी बोटीवरचं जेवण हा नुसता शिष्टाचाराचा विषय नव्हता, जातीचा होता. समुद्र ओलांडू नये हा जो निर्बंध होता, त्यात खाण्यापिण्याच्या विटाळाचा मोठा भाग होता. परक्यांच्या हातचं आणि परक्यांच्या पंगतीत खावं लागेल, या कारणानं गांधीजींना त्यांच्या जातीनं निघण्याआधीच वाळीत टाकलं. १८९१ साली परत आल्यावर थोरल्या भावानं त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालवलं, ते याचसाठी.

आता जहाजाच्या बाजूनं पाहू. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वर्गवारी काटेकोर असे. पहिल्या वर्गाचं जेवणघर वेगळं, फिरायचा डेक वेगळा. प्रवासात साहेब मंडळींना दोन-तीन आठवडे काहीच काम नसे. मग घंटा वाजायची, सगळे खोलीत जाऊन कपडे बदलायचे आणि काळा डिनर जॅकेट किंवा लांब झगा घालून जेवायला यायचे. दिवसाला तेवढाच आकार यायचा आणि कोण कुठल्या हुद्द्याचा, हेही टेबलावर दिसायचं. कप्तानाच्या टेबलावर बसायला मिळणं हा मान समजला जाई. मात्र पहिल्या आणि शेवटच्या रात्री असा पोशाख करण्याची सक्ती नसे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधलेल्या असत. म्हणजे एवढ्या करड्या रिवाजाच्या मुळाशीही साधी सोयच होती. तसंच टेबलाला बारीक कठडे लावत आणि समुद्र खवळला की टेबलावरचं कापड ओलं करत, ते ताटं घसरू नयेत म्हणून.

हे ताट वाढायचं कोण? बहुतेक करून गोव्याचे लोक. पी. अँड ओ.च्या जेवणघरांतले वाढपी आणि खोल्यांचे नोकर यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत. गोव्यात दर्यावर्दी नोकराला 'तारवटी' म्हणतात. या तारवट्यांना बोट मिळेपर्यंत मुंबईत राहता यावं म्हणून गावागावांचे क्लब निघाले, त्यांना 'कूड' म्हणत. धोबीतलावच्या परिसरात त्यांची वस्ती होती. काटा डावीकडे आणि सुरी उजवीकडे हा साहेबाचा रिवाज खरा, पण टेबलावर तो रोज मांडून ठेवणारे हात आपल्याच किनाऱ्याचे होते, हे विसरू नये.

त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्याही बोटी धावत होत्या. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटींवर ना डिनर जॅकेट, ना कप्तानाचं टेबल. डेकवर चादर अंथरायची, शिदोरी सोडायची, शेजाऱ्याला चटणी द्यायची आणि रात्र काढायची. ड्रेस कोड एकच, भिजलं तरी चालेल असं काहीतरी. बोटीवरचं जीवन म्हणजे काय, हे मराठी माणसाला कळलं ते मुख्यतः या डेकवर.

१९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट विमानं आली. विलायत काही तासांवर आली आणि प्रवासी बोटींचं मूळ काम संपत गेलं. पोहोचण्यासाठी बोट लागेना, तेव्हा कंपन्यांनी बोटीवर राहणं हीच सहल करून विकायला घेतली. तीच आजची क्रूझ. वर्गांच्या भिंती बऱ्याच गेल्या, पण संध्याकाळी नटूनथटून जेवायला जायचं, हा जुना थाट हौस म्हणून राहिला. आपल्याकडे २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली होती. ती फार काळ टिकली नाही. सप्टेंबर २०२१पासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' ही १९९० साली बांधलेली मोठी बोट मुंबईहून सहली काढू लागली. सप्टेंबर २०२५मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. तेव्हा काकूंचा प्रश्न यापुढे पुष्कळांना पडणार आहे.

आता त्याचं उत्तर. दिवसा साधे, सुटसुटीत कपडे चालतात. संध्याकाळी मुख्य जेवणघरात हाफ पँट, बनियन, पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय चालत नाहीत. घरातला गाऊन घालून जिन्यातून चहाला जायची सवय असेल, तर तेवढी आवरावी. एखादी रात्र खास पोशाखाची असते. तिच्यासाठी काठापदराची साडी, सलवार-कमीज, पुरुषांना बंद गळ्याचा कोट किंवा स्वच्छ नेहरू शर्ट-पायजमा पुरेसा आहे. जुन्या रिवाजाला अजून धरून असलेल्या क्युनार्ड कंपनीच्या बोटींवरसुद्धा काळ्या सूटच्या बरोबरीनं आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो. म्हणजे काकूंची साडी ही सवलत नाही. ती नियमातच बसते. ज्यांना नटायचंच नसतं, त्यांच्यासाठी त्या रात्री बुफेची सोय बहुधा असते.

जेवणाचं म्हणाल, तर बुफेत आपल्या हातानं वाढून घ्यायचं असतं. मोठ्या जेवणघरात सगळे एकदम मावत नाहीत, म्हणून पुष्कळ बोटींवर दोन पंगती होतात. आपली वेळ आधी विचारून घ्यावी. काटे-चमचे ओळीनं मांडलेले असले, तर बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे. लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी वाटीत आलं, तर ते बोटं बुडवायला असतं. पोळी हातानं खायला कुणाचीही हरकत नसते. भारतीय बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. परदेशी बोटींवर ते तिकीट काढतानाच कळवावं लागतं. मात्र खान्देशी ठसका तिथं मिळायचा नाही. आपल्या मिरचीची सवय असलेल्यानं चटणीची बंद पुडी नेता येते का, ते विचारून घ्यावं. घरी शिजवलेलं अन्न बहुधा चढू देत नाहीत.

कपड्यांपेक्षा महत्त्वाचे नियम वेगळेच आहेत. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, उदबत्ती, निरांजन यांना खोलीत बंदी असते. देवपूजा करणाऱ्यांना हे जड जातं, पण भर समुद्रात आगीइतकं दुसरं भय नाही. चढल्यावर जीवरक्षक जाकिटाची आणि जमायच्या जागेची माहिती देतात, ती टाळू नये. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर, १९१४मध्ये समुद्रसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली आणि ३२ माणसं गेली. नव्यानं चढलेल्या काही प्रवाशांची तालीम तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर ही तालीम बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. जेवणाआधी साबणानं हात धुवावेत, कारण बंद जागेत पोटाचे आजार झपाट्यानं पसरतात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, कार्डावर मांडतात. दारू, इंटरनेट, मालिश यांचं बिल बहुधा वेगळं असतं. पाहून खर्च करावा. बोट लागण्याची भीती असेल, तर मधली आणि खालच्या मजल्याची खोली मागावी. तिथं हेलकावे कमी.

आणि खोली आवरणाऱ्या मुलाला नाव विचारावं. तो गोव्याचा असेल, कोकणातला असेल किंवा फिलिपाइन्सचा. बहुधा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर घर सोडून आलेला. दर्यावर्दी कामगारांसाठी २००६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात दिवसाला जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्याला ७२ तास काम अशी मर्यादा आहे. मर्यादाच एवढी, यावरून कामाचा अंदाज यावा. काट्यानं खाता येण्यापेक्षा या माणसाशी नीट बोलता येणं ही मोठी रीत आहे.

गांधीजी १९३१च्या २९ ऑगस्टला 'राजपुताना' बोटीनं गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा अंगावर पंचा होता आणि तिकीट दुसऱ्या वर्गाचं. बहुतेक वेळ ते डेकवरच असत. बरोबरच्या मंडळींनी घेतलेलं जास्तीचं सामान त्यांनी एडनहून परत पाठवायला लावलं. बोट त्याच कंपनीची होती, समुद्रही तोच. त्रेचाळीस वर्षांपूर्वी जेवणघरात जायला न धजावणारा मुलगा आता कुणाच्या नजरेला भीत नव्हता.

काकूंना मी एवढंच सांगितलं : दोन चांगल्या साड्या घ्या, डेकवर पाय घसरू नये म्हणून रबरी तळाच्या चपला घ्या, आत थंडगार असतं म्हणून एक स्वेटर घ्या. मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात. तेव्हा औषधं, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. गांधीजींसारखं सामानाची वाट बघत बसायला नको. आणि काही कळलं नाही, तर विचारा. त्या मुलाला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून तो मिठाईवर राहिला.

काकांनी तिकिटं परत केली नाहीत.