जुन्या लॅपटॉपासाठी हलके लिनक्स

बंगळूरमधील मारतहळ्ळीच्या आउटर रिंग रोडलगतच्या कचेऱ्यांतून काही वर्षे राबवून निकालात काढलेले लॅपटॉप किरकोळ दुरुस्तीनंतर पुन्हा विक्रीस येतात, आणि नोकरीनिमित्त या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मुलांच्या अभ्यासासाठी वा घरच्या जमाखर्चासाठी असे एखादे यंत्र आढळते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपुष्टात आणला. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व, इंटेलच्या बाबतीत, सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर यांची अट असल्यामुळे, ज्यांचा पडदा स्वच्छ आणि कळफलक शाबूत आहे असे असंख्य लॅपटॉप एका दिवसात कालबाह्य ठरले.

अशा यंत्रावर हलके लिनक्स चढवावे, हा सल्ला योग्यच आहे. परंतु निवड करताना ‘सर्वांत हलके कोणते’ एवढीच कसोटी लावली जाते, ती मला अपुरी वाटते. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनी या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेला सिम्प्यूटर लिनक्सवरच चालत असे; त्याचे काम आधी ठरले होते आणि प्रणाली त्या कामापुरती बेतली होती. घरच्या यंत्राचा विचारही याच क्रमाने व्हावा. लिनक्सचा गाभा सर्व वितरणांत मूलतः एकच असतो. भार वाढतो तो डेस्कटॉपमुळे, आणि म्हणून नोम किंवा केडीई यांच्यापेक्षा एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे जुन्या यंत्रास मानवतात. तथापि त्यांनी वाचवलेली मेमरी ब्राउझरच्या थोड्याशा टॅबांतच खर्ची पडते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

तेव्हा मेल, हिशेबाचा तक्ता आणि व्हिडिओ बैठक असे रोजचे सारे काम उघडे ठेवून टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ ही आज्ञा द्यावी. ‘फ्री’ या रकान्यातील लहान आकडा पाहून नवखा मनुष्य धास्तावतो. पण मोकळी मेमरी लिनक्स अलीकडे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी वापरते व गरज पडताच सोडून देते, म्हणून पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा शेवटचा रकाना. तो तळाला जात असेल तर रॅम वाढवावी. यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास शहरातील एस. पी. रोडच्या बाजारातून एसएसडी आणून बसवावी. तिने जो वेग येतो तो कोणतेही वितरण बदलून येत नाही.

कामाच्या अटीही आधी तपासाव्यात. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि ज्याचा कारभार त्यावर आहे त्याने घाई करू नये. मराठी लेखनाची मात्र अडचण नाही; इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो. पण श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेले दस्तऐवज असतील, तर विंडोज असतानाच ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत, नाहीतर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हे तेवढी दिसतील. वाय-फाय, छपाई, कॅमेरा यांची परीक्षा पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, करता येते.

माझा कौल असा: ४ जीबी किंवा अधिक रॅम असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, कारण तिची मांडणी विंडोजच्या सवयीस जवळची आहे आणि २०२४ साली निघालेल्या तिच्या २२ व्या मालिकेस एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेची अद्यतने मिळणार आहेत. २ जीबीच्या यंत्रास लुबुंटू बरे, मात्र त्याच्या दीर्घकालीन आवृत्तीची मुदत तीनच वर्षांची असते. ३२-बिट यंत्रावर आता पैसा घालू नये. आणि वितरण कोणतेही निवडा, स्थापनेपूर्वी सर्व दस्तऐवजांची प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य काढून ठेवा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय एकदा स्वीकारला की मागचे काही परत मिळण्याचा भरवसा उरत नाही.