उभी गाडी विकताना

आमची १९७२ची एमजीबी विकायला काढली, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : 'गाडी चालते का?' याचं खरं उत्तर एका शब्दात देता येत नव्हतं.

एमजीबी ही दोन सीटची, छत उघडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. कितीतरी अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या कोरड्या हवेत न गंजलेल्या पुढे युरोपात परत आल्या. आमचीही त्यातलीच, म्हणून स्टीअरिंग डावीकडे.

आमर्सफोर्टमध्ये भाड्याच्या गॅरेजात सहा वर्षं खपून ती उभी केली. नाना, म्हणजे माझे वडील, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इकडे तीन महिने आले की 'दिवसभर करू काय?' म्हणायचे. गॅरेजने तो प्रश्न सोडवला. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर त्यांनी खोलून, धुऊन परत बसवले.

मग नानांचं आजारपण, माझ्या पुण्याच्या फेऱ्या. गाडी चार वर्षं जागेवरून हलली नाही. गेल्या वर्षी नाना गेले. आता गॅरेजची इमारतच पाडणार आहेत.

इथे ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, ५० वर्षांवरच्या गाडीला सक्तीची तपासणीही नाही. विमा मात्र हवाच. तो टाळायचा तर आरडीडब्ल्यू, म्हणजे इथलं आरटीओ म्हणा, त्यांच्याकडे नोंदणी तात्पुरती स्थगित करायची. मग गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीसुद्धा करता येत नाही.

रिस्टोअर केलेली गाडीही उभी राहून बिघडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, सिलिंडर आतून गंजतात. जुन्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये बसतो. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुने रबरी पाइप खातं. क्लच प्लेट चिकटते. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं.

एका डीलरने सल्ला दिला : नवी बॅटरी टाका, इंजिन सुरू करून व्हिडिओ काढा, दोन हजार युरो जास्त मिळतील. इंजिन कदाचित सुरू झालंही असतं. पण ब्रेकचं काय? नाना म्हणायचे, "आधी गाडी थांबेल ते बघ, मग चालेल ते बघ." व्हिडिओवर भुलून कोणी हायवेवर नेली असती तर?

पुण्याचा भाऊ म्हणाला, "दादा, इकडे पाठव की!" भारतात २०२१पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, हे खरं. पण जहाजभाडं, कस्टम सगळं सोसून तिथे पाना धरणार कोण?

शेवटी जाहिरातीत स्पष्ट लिहिलं : गाडी चालत नाही, ट्रेलर आणा. खाली कामांची यादी : टाकी रिकामी करणे, ऑइल बदलणे, प्लग काढून इंजिन हाताने फिरवणे, ब्रेक पूर्ण खोलणे, पाइप, टायर. फोन कमी झाले. जे आले त्यांनी घासाघीस केली.

झ्वोलहून एक नर्स आणि तिचे वडील आले. त्यांनी यादी दोनदा वाचली, गाडीखाली टॉर्च मारला आणि किंमत सांगितली. माझ्या अपेक्षेपेक्षा कमी, पण रास्त. काउंटरवर नोंदणी कार्ड आणि कोड दिला. नाव बदललं की स्थगिती संपते, म्हणून तिने विमा आधीच घेतला होता. गाडीची जबाबदारी आता माझी नाही, असा कागद मला मिळाला. विकणाऱ्यांनो, तो जपून ठेवा.

ट्रेलरवर चढवताना तिला कार्ब्युरेटरवरच्या चिकटपट्ट्या दिसल्या. नानांच्या अक्षरात 'पुढचा', 'मागचा'. मी अर्थ सांगितला आणि काढायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली, "बसवताना लागतील."