पावतीबुक कोणाकडे, माणसे कोणाकडे?

एप्रिल महिना लागला की आपल्या वस्तीतल्या अध्यक्ष-चिटणीसांना जेवायलाही फुरसत मिळत नाही. मंडप, ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा परवाना, वर्गणीच्या पावत्या! भुसावळचा रेल्वे कामगार असो, वरणगावच्या आयुध निर्माणीतला असो, की धुळ्याच्या बाजारातला हमाल. पाळी संपवून तो समाजाच्या कामाला येतो, तेव्हा त्याच्या हाती दिवसाचे दोनच तास उरलेले असतात. हे दोन तास व्यवस्थेला द्यायचे की माणसांना, याचा विचार आपण सर्वांनी करावा असे आम्हाला वाटते.

मंडप अपुरा राहिला तर तो गावाला दिसतो. पण बारावी झालेल्या मुलीचे जात पडताळणी प्रमाणपत्र वेळेत निघाले नाही आणि तिचा प्रवेश हुकला, तर ते फक्त तिच्या आई-बापाला कळते. दिसणारे काम सगळा वेळ खाऊन टाकते आणि अडलेला माणूस दारातून परत जातो. पुढच्या वर्षी तो वर्गणी देतो, पण विहारात येत नाही.

बाबासाहेबांनी काय केले?

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. हाताशी पैसा नव्हता, माणसे नव्हती. पाक्षिकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागत. १९२९ मध्ये ते बंद पडले. पुढे २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले, तेव्हा बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. संपादकपद देवराव नाईक यांनी सांभाळले.

त्याच वर्षी २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला होता. तेथील चिटणीसपदाची जबाबदारी भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, यांच्यावर होती. गोलमेज परिषदेतले काम दुसऱ्यावर टाकता येण्यासारखे नव्हते. नाशिकची रोजची व्यवस्था सोपवता येत होती. ती बाबासाहेबांनी सोपवली, आणि पत्रे लिहून तिच्यावर लक्षही ठेवले.

त्यातून काय निष्पन्न झाले? दादासाहेब घडले. १९५७ साली ते लोकसभेत गेले. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या खानदेशातही झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून त्याच प्रश्नावर देशभर तुरुंग भरले गेले. म्हणजे विश्वासाने काम सोपवणे हीसुद्धा माणूस घडवण्याचीच रीत आहे. जो नेता पावतीबुक कोणाच्याच हाती देत नाही, तो स्वतः थकतो आणि त्याच्यामागे दुसरा कार्यकर्ताही उभा राहत नाही.

दोन वह्या ठेवा

आम्ही पेशाने कारकून. कचेरीत आवक-जावक रजिस्टरात नोंद नसेल तर अर्ज आला काय अन् गेला काय, सारखेच! म्हणून प्रत्येक मंडळाने दोन वह्या ठेवाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली वही व्यवस्थेची. मंडप, भाडे, वीजबिल, जमाखर्च. ती तरुणांकडे द्या. वस्तीत वाणिज्य शाखा शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर खजिनदार करा. महिला मंडळाच्या भगिनींना केवळ खीर वाढायला बोलावू नका. बँकेच्या खात्यावर त्यांचीही सही घ्या.

दुसरी वही माणसांची. कोणाची शिष्यवृत्ती अडली, कोणत्या विधवा भगिनीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज पडून आहे, कोण दवाखान्यात आहे. नाव, काम, अर्जाची तारीख आणि पुन्हा जायची तारीख. ही वही अध्यक्षाने स्वतःकडे ठेवावी. रविवारी वंदना झाल्यावर एक तास विहारात बसावे. त्या तासात मंडपाचा विषय काढू नये. आपल्या घरातल्या मुलांचा अभ्यासही याच वहीत पहिल्या पानावर असावा. बायको-मुले ही काही समाजाबाहेरची नव्हेत.

मात्र सोपवणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. दरमहा जमाखर्च तपासा, सही करा आणि विहारात मोठ्याने वाचून दाखवा. दिवसाची मजुरी मोडून वर्गणी देणाऱ्याला त्याचा पैसा कोठे गेला हे सांगणे, हा त्याचा सन्मानच आहे.

बंधू-भगिनींनो, ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामानिमित्त धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या खटल्याचे तपशील आज फार थोड्यांना ठाऊक आहेत. पण दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसे लोटतात. यंदा लळिंगला जाल तेव्हा वस्तीतल्या एखाद्या नव्या मुला-मुलीला सोबत न्या, आणि परत आल्यावर पहिली वही त्याच्या हाती द्या.

जयभीम!