वाळलेल्या घोड्यास आधी वैरण, मग चंदी

घोडा वाळू लागला की मालकाचा हात प्रथम चंदीच्या पोत्याकडे जातो. हरभरे दुप्पट होतात, तोबऱ्यात गूळ पडू लागतो, आणि घोडा अंग धरण्याऐवजी एखाद्या रात्री पोटशुळाने लोळू लागतो. हेतू चांगला असतो. चूक असते ती क्रमाची.

घोड्यांची संख्या आता फार घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली. तथापि मोटारींस बंदी असलेल्या माथेरानमध्ये आजही कित्येक कुटुंबांची चूल घोड्यावर पेटते, आणि भटक्या धनगरांचे बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवरून चालते. अशा घरी एक घोडा गेला तर भांडवलच गेले असे समजावे.

प्रथम घोड्याचे पोट समजून घेतले पाहिजे. घोडा गवत खातो, पण गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. मोठ्या घोड्याच्या जठरातही पंधरा लिटरांच्या आसपासच अन्न मावते; तट्टाचे जठर त्याहून लहान. धान्यातील पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात पचतात. गवताचा चोथा मात्र पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील सूक्ष्म जंतू तो आंबवून त्यातून घोड्यास शक्ती मिळवून देतात. एकाच वेळी फार धान्य दिले तर ते लहान आतड्यात पुरते पचत नाही. उरलेले मोठ्या आतड्यात जाऊन एकदम आंबते, वायू धरतो, आम्लता वाढते आणि उपयोगी जंतू मरतात. घोड्यास ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोट फुगल्यावर सुटकेचा तो मार्गही बंद असतो. पुष्कळदा शूळ शमतो, पण त्यापाठोपाठ खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होतो.

वैरण वाढविण्यापूर्वी घोडा का वाळला हे पाहावे. दाढांना टोकदार कडा आल्या असतील तर तो गवताचे चघळलेले बोळे तोंडातून टाकतो. अशा घोड्यास कितीही खाऊ घातले तरी ते व्यर्थ होय. पशुवैद्याकडून दाढा घासून घ्याव्यात. लीद तपासून जंतांचे औषध वजनाप्रमाणे द्यावे. खाणे ठीक असूनही घोडा झिजत असेल, मधून मधून ताप येत असेल आणि पायांवर किंवा पोटाखाली सूज दिसत असेल, तर सर्रा रोगाची शंका घेऊन रक्त तपासावे. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग चंदीने बरा होत नाही.

वजन अंदाजाने न सांगता मोजावे. त्यास काटा लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. तंग बसतो त्या जागी छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. घेर १४५ आणि लांबी १४८ असलेले तट्टू सुमारे २६२ किलो भरते. हा आकडा थोडा मागेपुढे होतो, परंतु दर पंधरवड्यास तीच फीत त्याच जागी लावली तर घोडा चढतो आहे की उतरतो आहे हे निश्चित कळते.

आता वैरणीकडे वळू. घोड्यास दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन ते अडीच इतके कोरडे अन्न लागते, आणि त्यातील मोठा वाटा गवताचाच असावा. वेळेवर कापून सावलीत रचलेले, हिरवट रंगाचे व गोड वासाचे गवत असेल, तर निम्मे काम तेथेच होते. पिवळे पडलेले, बी झडलेले गवत पोट भरते, अंग भरीत नाही. हरळी घोड्यास फार मानवते. पण मुळांसकट खरवडून आणलेली हरळी झटकून, धुऊन द्यावी, नाहीतर माती आतड्यात साठून शूळ उठतो. हिरवी ज्वारी घोड्यास देऊ नये. तिच्यात विषारी द्रव्य असते, आणि ती सतत खाल्ल्याने मूत्राशय व मागचे पाय निकामी होऊ शकतात.

लसूणघास ही वाळलेल्या घोड्याची खरी मैत्रीण म्हटली पाहिजे. तीत प्रथिने भरपूर असतात आणि चुनाही भरपूर असतो. हा चुना फार महत्त्वाचा आहे. धान्यात आणि विशेषतः गव्हाच्या कोंड्यात स्फुरद अधिक व चुना अल्प असतो. कोंडा स्वस्त म्हणून महिनोन् महिने पाट्या भरून दिला की शरीर आपल्याच हाडांतून चुना काढू लागते, जबड्याची हाडे सुजतात व घोडा विनाकारण लंगडतो. संकरित नेपियर गवतातील ऑक्सॅलेटही चुना बांधून ठेवते. म्हणून कोंडा चंदीच्या सातव्या-आठव्या हिश्शापुरता ठेवावा आणि नेपियर मुख्य वैरण करू नये.

गवत पोटभर मिळू लागल्यावर चंदी. अंगात आल्यावर ३०० किलो भरेल अशा कष्टाच्या तट्टास दिवसास पाच किलो वाळले गवत, पाच किलो हिरवा लसूणघास आणि दोन किलो चंदी पुरे. चंदीत एक किलो भरडलेला सातू किंवा ओट, पाऊण किलो हरभरा व पाव किलो कोंडा असावा. ही चंदी एकदम न देता तीन वेळा विभागून द्यावी. सातू अख्खा दिला तर बराचसा लिदीत जसाच्या तसा पडतो. हरभरा काही तास भिजवून भरडावा. उन्हाळ्यात आंबलेला हरभरा बिनदिक्कत फेकावा. सुरुवात अर्ध्या किलोने करून दर तीन-चार दिवसांनी पावशेर-पावकिलो वाढवीत पंधरा-वीस दिवसांत पूर्ण मापावर यावे.

याउपरही अंग भरत नसेल तर धान्य न वाढविता तेल वाढवावे. स्निग्ध पदार्थांत पिष्टमय पदार्थांच्या सव्वादोन पट शक्ती असते आणि ते मोठ्या आतड्यात आंबत नाहीत. ताजे खाद्यतेल दोन चमच्यांपासून सुरू करून तीन आठवड्यांत दिवसास दीडशे मिलिलिटरपर्यंत न्यावे. धान्याने येणारा भडकपणा तेलाने येत नाही, हा लहान मुलांना पाठीवर घेणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत आणखी एक लाभ. रोज तीस ते पन्नास ग्रॅम मीठ आणि सदैव स्वच्छ पाणी हवेच. गूळ चवीपुरता ठीक.

विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी करावी. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामास लावला की त्याचे स्नायू ताठरतात, लघवी काळसर होते आणि तो जागचा हलत नाही.

अगदी हाडांचा सापळा झालेल्या, उपाशी राहिलेल्या घोड्याची गोष्ट निराळी. त्यास पहिले काही दिवस धान्य मुळीच देऊ नये, कारण एकाएकी मिळालेल्या पिष्टाने रक्तातील क्षारांचा तोल बिघडून तो दगावू शकतो. वाळलेला लसूणघास पाव ते अर्धा किलो दर चार तासांनी द्यावा आणि पशुवैद्याच्या देखरेखीखालीच प्रमाण वाढवावे.

गुरांचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घरात असले तरी घोड्यापुढे ठेवू नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; गुरांना ते सोसते, घोड्याचे हृदय मात्र त्याच्या अल्प मात्रेनेही निकामी होते. बुरशी आलेल्या मक्यातील विषाने घोड्याचा मेंदू विरघळतो व त्यावर इलाज नाही. पावसाळ्यात धान्य जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावे आणि मका असल्यास तो पावसापूर्वीच संपवावा.

घोडा नीट अंगात येण्यास दोन ते तीन महिने लागतात. सहा आठवडे वैरण व चंदी वरीलप्रमाणे देऊनही फितीवरचा आकडा हलला नाही, तर चंदीत आणखी भर न घालता घोडा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. सोबत लीदेचा ताजा नमुना घ्यावा.