गोरीतून आलेला गोरा

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येणारा भाविक गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकवतो, प्रसाद घेतो आणि परतीची एसटी गाठतो. पायाखाली तुडवल्या गेलेल्या लेकराची कथा आणि थापटण्याने घेतलेली नामदेवांची परीक्षा कीर्तनांतून, सिनेमांतून आपल्याला पाठ झालेली आहे. पण या संताचं नाव ‘गोरा’ का? तेरणाकाठी हा विषय काढला की जाणती माणसं ऐसपैस बसून सांगू लागतात.

गोरोबांचे वडील माधवबुवा काळेश्वर महादेवाचे भक्त. त्यांना झालेली आठही मुलं गेली आणि त्यांनी ती स्वतःच्या हातांनी पुरली. पुढे पांडुरंग ब्राह्मणाच्या रूपात दारी आला आणि म्हणाला, मुलं कुठे पुरली ती जागा दाखव. तिथे त्याने ती जिवंत केली. सात स्वर्गाला धाडली, आठवं आईच्या ओटीत घातलं. गोरीतून, म्हणजे पुरल्या जागेतून, वर आलेला तो गोरा.

‘गोर’ म्हणजे कबर हा शब्द फारसीतून मराठीत आलेला. गोरोबांचा काळ परंपरेने 1267 ते 1317, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या अखेरीचा. तेव्हा ही व्युत्पत्ती मागाहून जुळवली गेली असावी, असंच मला वाटतं. नाव बहुधा रंगावरूनच पडलं असेल. काळू-गोरू अशी नावं आपल्याकडे काही कमी नाहीत. म्हणून कथेचं मोल कमी होत नाही. जिच्या हातून लेकरं निसटत होती, त्या आईच्या दुःखाला गावाने एका नावात जागा दिली.

आणि योग पाहा, गोऱ्याची समाधी आहे ती काळेश्वराच्या सान्निध्यात. नदीकाठी महादेवाचं जुनं देऊळ आणि त्याला लागूनच संताचं.

गोरोबांच्या नावावर आज जेमतेम वीसेक अभंग मिळतात. त्यांत नाव येतं ते बहुधा ‘गोरा कुंभार’ असं जातीव्यवसायासकट. संतमेळ्यात हे वयाने वडील, नामदेवांहून तीन आणि ज्ञानदेवांहून आठ वर्षांनी मोठे, म्हणून ‘काका’. देवमाणसाला नात्याने हाक मारायची ही रीत तेरने अजून सोडलेली नाही.

गावात एका वयस्क कुंभारदादांशी गाठ पडली. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड आणि ओबडधोबड असतं. ते जरा सुकलं की डाव्या हाताने आतून गोल दगड धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून ठोकत फिरवायचं. दादा हातात मडकं घेऊन ठोकत होते, मधेच थांबून कानाशी नेत होते. ओल कुठे राहिली ते आवाज सांगतो, म्हणाले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं का बसलं, हे इतकं स्वच्छ मला कुठल्याच कीर्तनात कळलं नव्हतं. नावाबद्दल विचारलं तर त्यांनी गोरीचीच कथा सांगितली आणि वर म्हणाले की मडकंही मातीतूनच वर येतं. घरातली पुढची पिढी मात्र चाकावर बसत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तेरचं वय गोरोबांहून हजार-बाराशे वर्षांनी मोठं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातलं ‘तगर’ ते हेच. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे नगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई. गावात त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ उभं आहे, मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठाकार. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी ते मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं मत मांडलं होतं. संताच्याही आधी या गावाला मातीतून घडवता येत होतं, त्याचा हा पुरावा! समाधीवर रांग असते तेव्हा इथे चिटपाखरू नसतं. दिशा दाखवणारी धड पाटीही मला दिसली नाही, याचं वाईट वाटलं.

चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांत तेर माणसांनी फुलतं. शांतपणे पाहायचं असेल तर एरवी जा. काळेश्वर आणि समाधी झाल्यावर त्रिविक्रमाकडे वळा, आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयासाठी निदान तासभर हाताशी ठेवा.