नातवाच्या प्रोसेसरचा प्रस्ताव

मध्यमवर्गीय घरात मुले काय मागतात, यावरून त्या घराचा काळ ओळखता येतो. आमच्या पिढीने सायकल मागितली, आणि मिळाली ती तासाच्या भाड्याची. आमच्या मुलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मागितला. आता नातवंडे जी वस्तू मागतात ती तळहातावर मावते. जेमतेम चार सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद. एकदा संगणकाच्या पोटात बसवली की पुन्हा कोणाच्या नजरेसही पडत नाही, त्यामुळे पाहुण्यांना दाखवण्याची सोय नाही. तिचे नाव प्रोसेसर.

माझा नातू नववीत आहे. त्याचा संगणक २०२० च्या आरंभी, टाळेबंदीच्या थोडाच आधी, जावईबापूंनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवला होता. त्यावर आधी शाळा झाली, मग दोन वाढदिवसांचे पैसे एकत्र करून त्यात 'आरएक्स ६६००' नावाचे ग्राफिक्स कार्ड आले आणि शाळेच्या जागी खेळ सुरू झाले. "आजोबा, प्रोसेसर बदलायला हवा, गेम अडकतो," असे तो म्हणाला तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी मुलगी, स्वयंपाकघरातूनच उद्गारली, "अडकतो ते चांगलंच आहे की!"

तिचा मुद्दा बिनतोड होता. पण खेळावे किती, हा प्रश्न वेगळा आणि प्रोसेसर कोणता, हा वेगळा. दोन खाती एकात मिसळू नयेत. पैसे मुलाचे स्वतःचे होते. ओवाळणीचे, वाढदिवसाचे, मामाने दिलेले असे अकरा हजार रुपये त्याच्या बचत खात्यात साठले होते. "त्याच्या वर एक रुपया मिळणार नाही आणि दहावी संपेपर्यंत दुसरी मागणी नाही," ही आईची अट. आयुष्यातला पहिला मोठा खर्च तो स्वतःच्या पैशाने करणार होता, आणि तो वाया गेला असता तर पुढची चार वर्षे त्या अकरा हजारांची आठवण घरात रोज निघाली असती. मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात. त्याला म्हटले, एका पानावर प्रस्ताव लिहून आण. आज काय आहे, अडचण कोणती, उपाय कोणता, खर्च किती.

त्याने लिहून आणलेल्या कागदावर अडचणीच्या रकान्यात "प्रोसेसर जुना आहे" एवढेच होते. जुना असणे ही अडचण नव्हे, हे निवृत्त माणसाने वेगळे सांगायला नको. यंत्रसामग्रीसाठी कर्ज मागायला येणारा कारखानदारही पुष्कळदा असेच सांगे. त्याला आम्ही विचारायचो, माल नेमका कुठे तुंबतो? रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि पुढच्या काही वर्षांत शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. मी होतो त्या शाखेत यंत्राने नोंदी झपाट्याने होऊ लागल्या, पण काउंटरपुढची रांग तसूभरही हलली नाही. कारण चेक पास करणारा अधिकारी एकच होता आणि त्याचा हात जितका चाले तितकीच रांग सरके. यंत्र बिचारे त्याच्या सहीची वाट पाहत बसे.

खेळाच्या संगणकात असेच दोन कामगार असतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचे तर प्रत्येक चित्रासाठी मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरने ठरवायचे, कोणता खेळाडू कुठे पोहोचला, गोळी कोणाला लागली, भिंत पडली की नाही. मग तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो, आता हे रंगव. दोघांपैकी जो मंद, त्याच्या चालीने खेळ चालतो. मंद कोण हे ओळखायला पैसे लागत नाहीत. खेळ चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला, आणि ग्राफिक्स कार्ड साठाच्या आसपास घुटमळत होते. मग नातवाने दुसरी परीक्षा घेतली. चित्राची घनता १९२० गुणिले १०८० होती, ती त्याने १२८० गुणिले ७२० केली. म्हणजे रंगवायचे ठिपके वीस लाखांवरून सव्वानऊ लाखांच्या आत आले. रंगाऱ्याचे काम निम्म्याहून कमी झाले तरी सेकंदाला पडणारी चित्रे जवळजवळ तितकीच राहिली. दोष रंगाऱ्याचा नव्हता. (हीच परीक्षा उलटी निघाली असती, म्हणजे घनता उतरवताच खेळ पळू लागला असता, तर नव्या प्रोसेसरवर घातलेले अकरा हजार पाण्यात गेले असते. दुकानात कोणी ही परीक्षा करायला सांगत नाही.)

मागणी मान्य झाली. पण प्रोसेसर निवडण्याआधी पाहायचा असतो मदरबोर्ड, कारण प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट त्याच्यावर असते आणि स्वस्त काय, महाग काय हे तिथे ठरते. आमचे नशीब असे की नातवाच्या यंत्रात एएमडी कंपनीचा 'रायझन ३ ३२००जी' होता आणि बोर्ड 'बी४५०' जातीचा, 'एएम४' सॉकेटचा. या सॉकेटवर पहिला रायझन मार्च २०१७ मध्ये आला. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की पुढची पिढी या जुन्या बोर्डांवर चालणार नाही. गिऱ्हाइकांनी असा काही गिल्ला केला, की त्याच महिन्यात तिला निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्ये तर २०१७ च्या बोर्डांनाही मुभा मिळाली. ग्राहकाच्या ओरड्याने कंपनी नमल्याची उदाहरणे थोडी, त्यातले हे एक, आणि त्याचा लाभ डोंबिवलीतल्या एका नववीच्या मुलापर्यंत पोहोचला.

शेजारच्या घरातल्या मुलाला हा लाभ नाही. त्याच्याकडे इंटेलचा 'आय३-८१००' आहे. इंटेलने २०१७ च्या ऑक्टोबरात ही आठवी पिढी आणली तेव्हा सॉकेटमधल्या टोकांची संख्या पूर्वीइतकीच, ११५१ होती. तरीही जुने बोर्ड तिला स्वीकारीनात. त्या मुलाच्या बोर्डावर फार तर नवव्या पिढीचा प्रोसेसर चालेल, आणि तो आता बहुधा वापरलेलाच मिळतो. मी त्याच्या वडिलांना म्हटले, हा खर्च प्रोसेसरचा नाही, प्रोसेसर आणि बोर्ड असा जोडखर्च आहे, तसाच धरा. त्यांच्यासाठी २०२२ चा 'आय५-१२४००एफ' आणि डीडीआर४ मेमरी घेणारा बोर्ड हा शहाणपणाचा मार्ग, कारण जुनी मेमरी तरी कामी येते. हे 'मेमरी कामी येणे' पूर्वी किरकोळ वाटे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी उचल केली, की घरगुती गिऱ्हाइकाचे भाव भडकले. एएमडीचे नवे 'एएम५' सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरात आले. त्याला फक्त डीडीआर५ मेमरी चालते. कागदावर ते भविष्याचे सॉकेट खरेच, पण अकरा हजारांच्या खातेदाराला बोर्ड, मेमरी आणि प्रोसेसर अशी तीन बिले एकदम देणारे भविष्य परवडत नाही.

उरली निवड. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने 'रायझन ५ ५५००' आणि 'रायझन ५ ५६००' असे दोन सख्खे भाऊ बाजारात आणले. पहिल्याची मूळ किंमत १५९ डॉलर, दुसऱ्याची १९९. दोघांनाही सहा कोअर, बारा थ्रेड. वीजही दोघांची ६५ वॅटची. घड्याळाच्या वेगात फरक नाममात्र. मग चाळीस डॉलर कशाचे? नातू म्हणाला, "कॅशचे, आजोबा." बँकेतल्या माणसाचे कान टवकारले. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, उच्चार मात्र तोच, आणि गंमत अशी की कामही बरेचसे तेच. कॅशियरच्या गल्ल्यात रोजच्या व्यवहारापुरती रक्कम असते. ती संपली की स्ट्राँगरूम उघडायची. तिला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एक जेवायला गेलेला. तोवर गिऱ्हाईक ताटकळत. प्रोसेसरच्या पोटातली कॅश हा गल्ला आणि बाहेरची १६ जीबी मेमरी ही स्ट्राँगरूम. तिथे जाऊन यायला प्रोसेसरच्या घड्याळाचे शेकडो ठोके वाया जातात. ५५०० चा तिसऱ्या पातळीचा गल्ला १६ एमबीचा, ५६०० चा ३२ एमबीचा. आणि नातवाच्या जुन्या ३२००जीचा? अवघा ४ एमबीचा, वर कोअर चारच. खेळात अचानक बसणारे हिसके येतात ते अशा स्ट्राँगरूमच्या फेऱ्यांतून आणि अपुऱ्या हातांमुळे. पत्रे टाईप करणाऱ्याला हा फरक जन्मात कळणार नाही. शेकडो वस्तूंची खबर दर क्षणी ठेवणाऱ्या खेळात तो कळतो. याच गल्ल्याचा आकार ९६ एमबी करून कंपनीने '५८००एक्स३डी' काढला तेव्हा त्याची किंमत ४४९ डॉलर होती, यावरून गल्ल्याचे मोल ध्यानात यावे.

नातवाचा डोळा होता आठ कोअरच्या '५७००एक्स'वर. मी त्याला दोन प्रश्न विचारले. तुझा मॉनिटर सेकंदाला किती चित्रे दाखवू शकतो? पंचाहत्तर. मग सहा कोअरने तेवढी निघाली तर वरची कोणाला दाखवणार? आणि खोक्यात पंखा येतो का? ५६०० च्या खोक्यात येतो, ५७००एक्सच्या नाही. तो वेगळा घ्यायचा. प्रस्तावात हा खर्च लिहिलेला नव्हता. त्याने मान खाली घालून आकडा खोडला. मला त्याचे थोडे वाईटही वाटले, कारण चौदाव्या वर्षी आठ हा आकडा सहापेक्षा नुसताच मोठा नसतो, वर्गात सांगण्यासारखाही असतो.

एका रविवारी नव्हे, शनिवारी आम्ही ग्रँट रोडला उतरलो. रविवारी त्या बाजारात बरीच शटरे खाली असतात. पहिल्या दुकानदाराने यंत्राचे वय ऐकून सगळेच बदलण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने '५६००जी' पुढे केला. "सहा कोअर, बारा थ्रेड, सेमच आहे काका." सेम नाही. त्या शेवटच्या 'जी' अक्षरात चित्र काढण्याची अंगची सोय आहे, पण गल्ला १६ एमबीचा आहे. ज्याच्याकडे ग्राफिक्स कार्डच नाही त्याला तो उत्तम, किंबहुना नुसता ५६०० त्याच्या काहीच कामाचा नाही, कारण त्यातून पडद्यावर चित्रच उमटत नाही. हे दुकानदाराला नातवाने सांगितले, मी नाही. तिसऱ्या दुकानात खोकेबंद माल आणि खोक्याविना 'ट्रे'चा माल असे दोन भाव निघाले. स्वस्तातला ट्रेचा, पण त्याला पंखा नाही आणि हमी दुकानदाराच्या शब्दाची. आम्ही खोकेबंद घेतला. बिलावर पूर्ण नाव आणि खोक्यावरचा क्रमांक लिहून घेतला. सही-शिक्क्याची सवय सुटत नाही. दहा हजारांच्या आतबाहेर हिशेब बसला आणि परतीच्या गाडीत खोके त्याने मांडीवर असे धरले होते, जसे लग्नघरी जाताना दागिन्यांचा डबा धरतात.

बसवणे हे तासाभराचे काम, पण त्यात दोन जागा पाय घसरण्याच्या. पहिली, बायोस. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून त्याची ही मूळ प्रणाली नवी करावी लागते, आणि ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. प्रोसेसर आधी काढला तर पडदा काळाच राहतो. आणि हे चालू असताना वीज गेली तर बोर्डच मुका होऊ शकतो, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर घेतले. दुसरी जागा पंख्याची. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात. वरची पेस्ट वर्षानुवर्षे वाळून गोंदासारखी होते आणि पंखा सरळ वर ओढला तर प्रोसेसरही बंद सॉकेटमधून उपटून वर येतो, पिना वाकतात. त्यासाठी आधी अर्धा तास खेळ चालवून यंत्र तापवायचे, मग बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच डावीउजवीकडे पिळून सोडवायचा. आईने "अर्धा तास खेळ" याला परवानगी दिली. ही बहुधा पहिलीच वेळ. रात्री टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्ड नव्वदीच्या पुढे गेले. इतकी वर्षे साहेबाच्या सहीची वाट पाहणारे यंत्र अखेर कामाला लागले होते.

काढलेला ३२००जी कपाटात पडणार होता. त्याच्या अंगात चित्र काढण्याची सोय आहे, बिनकार्डाच्या साध्या यंत्राला तो अजूनही चांगला चालतो. नातवाच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांच्या दुकानात हिशेबासाठी एएम४ बोर्डाचे यंत्र जुळवायचे होते. ते गृहस्थ घरी आले, चहा घेतला, आणि माझे पेपर वाचायचे भिंग मागून घेऊन खिडकीच्या उजेडात एकेक ओळ करून पिना तपासू लागले. नातू त्यांच्या शेजारी श्वास रोखून उभा. एकही वाकलेली निघाली नाही. त्यांनी पंधराशे रुपये मोजून दिले आणि त्याने ते सोमवारी बँकेत भरले.