पीआयसीयूमधला कॅल्क्युलेटर: एका आकड्यामागचं संशोधन कसं वाचायचं?



पीएचडीला विषय कसा निवडायचा, हा प्रश्न तयारी करणारे बहुतेक सगळे विचारतात. माझं एक साधं उत्तर असतं. जी गोष्ट रोज हजारो लोक वापरतात, पण तिच्या आत काय आहे ते फार थोडे उघडून बघतात, तिथे विषय हमखास सापडतो. आज असंच एक उदाहरण घेऊया: लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे पीआयसीयूमध्ये, डॉक्टर वापरतात ते कॅल्क्युलेटर आणि ॲप.

तुम्ही मेडिकलचे नसाल तरी हरकत नाही. स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर, मायक्रोबायोलॉजी, काहीही असो, गणित बारावीच्या पुढचं लागणार नाही.

लहान मुलांसाठीच कॅल्क्युलेटर इतके का लागतात?

मोठ्या माणसांच्या वॉर्डात बऱ्याच औषधांचा डोस ठरलेला असतो. पीआयसीयूमध्ये एका कॉटवर ३ किलोचं बाळ असतं आणि शेजारी ४५ किलोचा नववीतला मुलगा. म्हणजे १५ पट फरक. त्यामुळे औषध, सलाईन, व्हेंटिलेटरचं सेटिंग, सगळं वजनावर किंवा उंचीवर काढावं लागतं, तेही घाईत.

हे कॅल्क्युलेटर ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार म्हणजे निव्वळ अंकगणित. उदाहरणार्थ सलाईनचा ४-२-१ नियम: पहिल्या १० किलोला ताशी किलोमागे ४ मिली, पुढच्या १० किलोला २ मिली आणि त्यापुढे १ मिली. २२ किलोच्या मुलाला ४० + २० + २ = ६२ मिली ताशी. हा नियम हॉलिडे आणि सेगर यांच्या १९५७ च्या कामातून आला.

दुसरा प्रकार म्हणजे अंदाज. जे थेट मोजता येत नाही ते दुसऱ्या मोजमापावरून काढायचं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनीचं काम किती चालू आहे हे काढणं, किंवा मुलाच्या लांबीवरून वजन काढणारी ब्रोसलो पट्टी.

तिसरा प्रकार म्हणजे भाकीत. ॲडमिट झालेल्या मुलाचे काही आकडे भरायचे आणि मृत्यूची शक्यता किती टक्के ते बघायचं. प्रिझम आणि पिम हे यातले सगळ्यात प्रसिद्ध स्कोअर. आज आपण मुख्यतः पिम-३ बघणार आहोत, कारण त्याचं सूत्र छापलेलं आहे आणि कागदावर सोडवता येतं.

पिम-३ च्या आत काय आहे?

पहिला पिम १९९७ मध्ये आला, पिम-२ २००३ मध्ये आणि पिम-३ २०१३ मध्ये. पिम-३ साठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि ब्रिटन इथल्या ६० पीआयसीयूंमधल्या ५३,११२ ॲडमिशनचा डेटा वापरला. हा आकडा लक्षात ठेवा, आणि त्याहून जास्त ती देशांची यादी.

सूत्र आहे लॉजिस्टिक रिग्रेशनचं. ॲडमिशनच्या पहिल्या तासाभरातली माहिती घ्यायची, प्रत्येक माहितीला ठरावीक गुणकाने गुणायचं, बेरीज करायची आणि त्या बेरजेचं शक्यतेत रूपांतर करायचं. पहिला तासच का? प्रिझम-३ मध्ये पहिल्या १२ किंवा २४ तासांतले सर्वांत वाईट आकडे घेतात. पिमवाल्यांचा आक्षेप असा, की त्या वेळात उपचार वाईट झाले तर मुलाचे आकडे बिघडतात, मूल "मुळातच जास्त आजारी" दिसतं आणि वाईट उपचार झाकले जातात. एकाच प्रश्नावर दोन गट वेगळा निर्णय घेतात आणि दोघांकडे कारणं असतात. पेपर वाचताना हे "का" शोधत जा.

आता एक काल्पनिक मूल घेऊ. अचानक ॲडमिट झालंय, व्हेंटिलेटरवर आहे, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि निदान पिमच्या कमी किंवा जास्त जोखमीच्या यादीत बसत नाही. वरचा बीपी ७०. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी, सांगते की बेस एक्सेस उणे १२ आहे आणि ६० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० एमएम एचजी आहे.

आकडे सूत्रात घालू:

बीपीची दोन पदं: −०.०४३१ × ७० आणि ०.१७१६ × ७० × ७० ÷ १०००, मिळून −२.१७६
बेस एक्सेस (चिन्ह सोडून): ०.०६७१ × १२ = ०.८०५
ऑक्सिजनचं गुणोत्तर (०.६ × १०० ÷ ६० = १): ०.४२१४ × १ = ०.४२१
व्हेंटिलेटर: ०.९७६
स्थिरांक: −१.७९३

बेरीज −१.७६६ येते. तिचं शक्यतेत रूपांतर केलं की उत्तर १४.६ टक्के.

आता एबीजी मशीनच नाही असं समजा

तेच मूल, तोच आजार. फक्त हॉस्पिटल असं आहे जिथे एबीजी मशीन नाही, किंवा आहे पण कार्ट्रिज संपलंय. मग त्या रकान्यात काय भरायचं?

पिम-३ चा नियम आहे: बेस एक्सेस माहीत नसेल तर शून्य धरा, ऑक्सिजनचं गुणोत्तर माहीत नसेल तर ०.२३ धरा. दोन्ही आकडे निरोगी माणसाच्या जवळचे. म्हणजे नियम असा झाला, की तपासणी केली नसेल तर ती नॉर्मल समजा.

पुन्हा बेरीज करा: −२.१७६ + ० + ०.०९७ + ०.९७६ − १.७९३ = −२.८९६. शक्यता ५.२ टक्के.

मूल तितकंच आजारी आहे. कागदावर मात्र त्याची जोखीम १४.६ वरून ५.२ टक्क्यांवर आली.

मग नियम करणारे चुकले का? नाही. त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्या पीआयसीयूमध्ये एबीजी केव्हाही होऊ शकते, तिथे ती केली नाही याचा अर्थ बहुधा डॉक्टरांना गरज वाटली नाही, म्हणजे मूल बरं दिसत होतं. तिथे "न केलेली तपासणी म्हणजे नॉर्मल" हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. जिथे मशीनच नाही तिथे तपासणी न होण्याचं कारण मुलाच्या तब्येतीत नसून हॉस्पिटलच्या बजेटमध्ये असतं. रकाना दोन्हीकडे रिकामाच, पण रिकामा असण्याचं कारण वेगळं. मिसिंग डेटाचा हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे: डेटा किती गहाळ आहे यापेक्षा तो का गहाळ आहे हे आधी विचारा.

यानं नेमकं काय बिघडतं?

असे स्कोअर एकेका मुलाचं भविष्य सांगायला बनवलेले नाहीत. ते मुख्यतः पीआयसीयूंची तुलना करायला आहेत. त्यासाठी एसएमआर काढतात: प्रत्यक्ष झालेले मृत्यू भागिले स्कोअरनुसार अपेक्षित मृत्यू. उत्तर १ च्या आसपास आलं तर काम अपेक्षेप्रमाणे, १ पेक्षा बरंच जास्त आलं तर काळजीचं.

वरच्यासारखी १०० मुलं आली आणि त्यातली १५ दगावली असं समजू. एबीजी करणाऱ्या हॉस्पिटलात अपेक्षित मृत्यू १४.६, म्हणून एसएमआर १.०३. एबीजी नसलेल्या हॉस्पिटलात अपेक्षित मृत्यू ५.२, म्हणून एसएमआर २.९ च्या आसपास. मुलं तीच, निकाल तोच, तरी दुसरं हॉस्पिटल जवळजवळ तिप्पट वाईट दिसतं. अशा आकड्यावर कुणी निधी ठरवला किंवा डॉक्टर-सिस्टरांच्या कामाचं मूल्यमापन केलं, तर ज्याच्याकडे साधनं कमी त्यालाच दोष लागेल.

देशांची यादी इथेच कामाला येते. पिम-३ च्या जास्त जोखमीच्या निदानांत ल्युकेमिया, लिव्हर फेल्युअर, कार्डिओमायोपथी वगैरे आहेत. डेंग्यू शॉक, सर्पदंश, विंचूदंश, तीव्र कुपोषण त्या यादीत नाहीत. ज्या देशांचा डेटा होता तिथल्या पीआयसीयूत अशी मुलं क्वचितच येतात. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, विंचूदंश हा खराखुरा पेशंट आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधावर केलेलं काम उभं राहिलं ते तिथल्याच पेशंटांच्या नोंदींवर. स्थानिक डेटाची किंमत यापेक्षा वेगळी समजावायला नको.

युनिट आणि लॅबची पद्धत

दुसरा सापळा युनिटचा. वरच्या मुलाचा ऑक्सिजनचा दाब ६० एमएम एचजी म्हणजे साधारण ८ किलोपास्कल. ब्रिटनमधली मशिनं किलोपास्कल दाखवतात. एखाद्या ॲपला एमएम एचजी हवेत आणि भरणाऱ्याने ८ भरलं, तर गुणोत्तर १ ऐवजी ७.५ होतं आणि शक्यता १४.६ वरून थेट ७३ टक्क्यांवर जाते. ॲप काही तक्रार करत नाही. चांगलं ॲप बनवणाऱ्याने रकान्याशेजारी युनिट ठळक लिहायला हवं आणि ८ सारखा आकडा आला की "नक्की का?" असं विचारायला हवं.

तिसरा सापळा जरा लपलेला आहे. किडनीसाठी श्वार्ट्झ सूत्र वापरतात: गुणक × उंची सेंटिमीटरमध्ये ÷ क्रिएटिनिन. १९७६ च्या मूळ सूत्राचा मुलांसाठी प्रचलित गुणक ०.५५, तर २००९ च्या सुधारित सूत्रात ०.४१३. उंची १०० सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.५ असेल तर जुन्या सूत्राने उत्तर ११०, नव्याने सुमारे ८३. मधल्या काळात मुलांच्या किडन्या बदलल्या नाहीत, लॅबमध्ये क्रिएटिनिन मोजायची पद्धत बदलली. जुनी जाफे पद्धत क्रिएटिनिन थोडं जास्त दाखवायची, नवी एन्झायमॅटिक पद्धत तसं करत नाही. त्यामुळे नव्या पद्धतीचा आकडा जुन्या सूत्रात टाकला, की किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. किडनीवाटे बाहेर जाणाऱ्या औषधाचा डोस मग जास्त जाऊ शकतो.

म्हणजे गुणक हा निसर्गाचा स्थिरांक नसतो. तो त्या काळातल्या मशीनचा, त्या मुलांचा आणि त्या पद्धतीचा सारांश असतो.

मग पेपर वाचताना काय विचारायचं?

कुठलाही स्कोअर किंवा कॅल्क्युलेटर हाती आला, की वहीत हे पाच प्रश्न लिहा.

१. मॉडेल कुणाच्या डेटावर बनलं? देश, वर्ष, वयोगट, कोणत्या प्रकारचं हॉस्पिटल?
२. माहिती कोणत्या वेळेची? पहिल्या तासाची की पूर्ण दिवसाची?
३. रकाना रिकामा असेल तर ॲप काय धरतं, आणि ते स्क्रीनवर सांगतं का?
४. युनिट कोणतं, आणि मोजण्याची पद्धत तीच आहे का?
५. नव्या ठिकाणी तपासलं तेव्हा कॅलिब्रेशन कसं आलं?

पाचव्या प्रश्नावर दोन शब्द. बरेच विद्यार्थी फक्त एयूसी बघतात. जास्त आजारी आणि कमी आजारी मुलं मॉडेल किती चांगली ओळखतं, एवढंच एयूसी सांगतं. "१० टक्के" म्हटलेल्या १०० मुलांपैकी खरंच १० च्या आसपास दगावली का, हे कॅलिब्रेशन सांगतं. एयूसी उत्तम आणि कॅलिब्रेशन पार बिघडलेलं, असं सर्रास होऊ शकतं. सगळ्या मुलांची शक्यता निम्मी करून बघा: क्रम तोच राहतो म्हणून एयूसी बदलत नाही, पण प्रत्येक आकडा चुकीचा असतो. भाकीत करणारं मॉडेल नीट कसं मांडावं यासाठी ट्रायपॉड मार्गदर्शक सूची आहे, ती एकदा जरूर वाचा.

आणि विषय हवा असेल तर इथेच आहेत. एखाद्या स्कोअरची आपल्या जिल्ह्यातल्या मुलांवर पडताळणी. एबीजीशिवाय, फक्त पल्स ऑक्सिमीटरच्या आकड्यावर चालणारं मॉडेल. २०२४ मध्ये आलेल्या फिनिक्स सेप्सिस निकषांच्या संशोधनात अमेरिकेबरोबर बांगलादेश, केनिया, चीन आणि कोलंबियातल्या हॉस्पिटलांचाही डेटा होता, म्हणजे दिशा बदलते आहे. त्या यादीत भारत नाही. हे काम कुणीतरी करायला हवं, आणि त्यासाठी महागडी लॅब लागत नाही. नीट ठेवलेल्या नोंदी, एथिक्स कमिटीची परवानगी आणि सोबत घेणारे डॉक्टर लागतात.

तोपर्यंत एक गृहपाठ. वरची बेरीज एक्सेलमध्ये मांडा आणि बीपी १२० करून बघा, कारण बीपी माहीत नसेल तर पिम-३ तेवढाच धरतो. एबीजीही नाही आणि बीपीही नाही, तर त्या मुलाची जोखीम ३.२ टक्के येते. उत्तर जुळलं, की सूत्र तुम्हाला कळलं असं समजा.

भेटूया पुढच्या लेखात. अभ्यास चालू ठेवा!